चोवीस किलोचा टीव्ही

८ जानेवारी

नाही देणार! नाही म्हणजे नाही!

नविन कारखान्यातून आला, हातपाय धुतले, आणि चहा पिता पिता अगदी सहज सांगतो — "स्टेशनजवळच्या दुकानात सव्वीस जानेवारीची ऑफर आहे. जुना टीव्ही द्यायचा आणि नवा फ्लॅट आणायचा. त्रेचाळीस इंची!" आणि दक्षाकडे बघून हसला. म्हणजे बापलेकीचं आधीच ठरलेलं. मला फक्त कळवायचं. मी काय पाहुणी आहे या घरात?

मी म्हटलं, टीव्ही माझा आहे. तर म्हणतो, "तुझा-माझा काय त्यात? घरातला आहे." घरातला! लग्नात माझ्या बाबाने दिलेला टीव्ही घरातला कधीपासून झाला? याच्या बहिणी आल्या की हाच सांगत असतो, हा पुष्पाच्या माहेरचा. आता ऑफर आली तर घरातला!

चहा तसाच टाकून उठले. भांडी घासताना दोन ताटं आपटली. एकाला पोचा आला. तेही माझ्याच माहेरचं.

९ जानेवारी

राग अजून उतरलेला नाही. अंगणवाडीत पोरांवर ओरडले. खिचडी सांडली म्हणून! पोरं खिचडी सांडणार नाहीत तर कोण सांडणार? एक बिचारी माझ्याकडे बघून रडायलाच लागली. मग तिला मांडीवर घेऊन बसले. तेवढ्यात मोबाईलवर माहिती भरायची वेळ झाली, ॲप उघडेना. ही एक वेगळी कटकट. ज्याला त्याला आता काचेत बोटं घालायची आहेत.

टीव्हीचं सगळं एकदा लिहूनच ठेवते. दक्षाला सांगायला गेलं की म्हणते, "आई, झालं तुझं सुरू." एकवीस वर्षांची घोडी झाली, नोकरीला लागली, पण पूर्ण ऐकून घेतलं नाही कधी.

दोन हजार साल. वैशाखात माझं लग्न. सायवनच्या पुढे तिठ्यावर एसटीतून उतरायचं आणि तिथून आमच्या पाड्यापर्यंत पायी चढ. मोकळ्या हाताने सव्वा तास. मधे नाला. बाबाने डहाणूतून टीव्ही घेतला. एकवीस इंची, रंगीत. एसटीच्या मागच्या सीटवर ठेवून तिठ्यापर्यंत आणला आणि तिथून डोक्यावर घेऊन वर चढला. चोवीस किलो! खोक्यावर छापलेलं होतं, मी स्वतः वाचलंय.

यातली गंमत अशी की आमच्या पाड्यावर तेव्हा वीजच नव्हती. आणि टीव्ही यायचा होता इथे नरपडला. डहाणूतून रिक्षात टाकला असता तर दहा मिनिटांत सासरच्या दारात! पण आमच्याकडे तसं कसं चालेल? पोरीला जे द्यायचं ते मांडवात मांडायला लागतं. हंडा, कळशी, ताटं, सगळं पाड्याने बघायला पाहिजे. म्हणून डहाणूचा टीव्ही डोंगर चढला, मांडवात दोन दिवस मुक्याने बसला, आणि वऱ्हाडाबरोबर परत खाली उतरला. उतरवायला नरपडची चार पोरं लागली, आळीपाळीने. आणि चढवायला एकटा माझा बाबा!

हळदीच्या दिवशी बाबा मांडवात शिरला ते अजून डोळ्यांपुढे आहे. डोक्यावर खोका, अंगातला शर्ट घामाने चिकटलेला. वाजंत्रीवाले थांबले. कोणीतरी बाबाचं नाव घेऊन ओरडलं, "चैत्याने सिनेमा आणला रे!" सगळा पाडा उठून उभा. बाबाने खोका उतरवला आणि माझ्याकडे बघून हसला. बोलला काहीच नाही. त्याला बोलता येतच नसे फारसं.

आणि आई? आईला शिलाई मशीन द्यायचं होतं. टीव्हीवरून दोघांची भांडणं मी महिनाभर ऐकली होती. बाबाने ऐकलं नाही. तर आई माझ्या हळदीत नाचली नाही! आमच्याकडे नवरीची आई नाचत नाही असं होतच नाही. पायाला फोड असला तरी दोन फेऱ्या मारतात. ही आत जाऊन भिंतीला टेकून बसली. मावशी बोलवायला गेली, तरी उठली नाही. बायका माझ्या तोंडावर विचारत होत्या — तुझी आई रुसली का ग? हळद लावलेल्या अंगाने मी मान खाली घालून बसले होते.

हे मी विसरलेले नाही.

११ जानेवारी

नविन बोलत नाही. बरं आहे. मलाही कुठे बोलायचंय!

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ द्यायला शेजारी हिरूकडे गेले. त्याच्याकडे दिवाळीत फ्लॅट आला आहे. म्हटलं बघू तरी, या लोकांना एवढं काय लागलंय त्याचं.

आरसा आहे तो! काळा आरसा. बंद असला की आपलंच तोंड दिसतं. हिरूने रिमोट दाबला तर आधी एक गोल फिरत राहिला. मग म्हणे नेट नाही. मग नेट आलं तर म्हणे अपडेट होतोय. आम्ही सगळे चूप बसून त्या गोलाकडे बघतोय! शेवटी बातम्या लागल्या तर बाईच्या गालावरची पावडरसुद्धा दिसत होती. कशाला बघायची मला तिची पावडर? आणि आवाज मागे भिंतीकडे जातो, म्हणून हिरूने खाली वेगळा डबा ठेवलाय आवाजाचा. म्हणजे टीव्हीला स्वतःचा आवाजही नाही. अरे मग त्याचं घेतलंत काय?

माझा टीव्ही बटण दाबलं की आधी 'धुप' करतो. मग बारीक शिट्टी. मग चित्र अंधारातून हळूहळू वर येतं. काचेजवळ हात नेला की हातावरचे केस उभे राहतात. दक्षा लहान असताना तेवढ्यासाठी हट्ट करायची, काचेला गाल लावायची आणि किंचाळायची. मागच्या बाजूला ऊब असते, तर वर फडक्यात चिकू ठेवले की वाडीतले कच्चे चिकू तीन दिवसांत मऊ. फ्लॅटवर ठेवा बघू चिकू! चिकू सोडा, बाबाचा फोटो कुठे ठेवणार? तीन वर्षं झाली बाबाला जाऊन, तेव्हापासून फोटो टीव्हीवर आहे. फ्लॅटला वरची बाजूच नाही. ज्याच्यावर काही ठेवता येत नाही ती वस्तू घरात आणायची कशाला?

घरी येऊन हे सगळं बोलले. दक्षा शांतपणे म्हणाली, "आई, तू टीव्ही बघतेस कधी? तू तर मोबाईलच बघत असतेस."

तळपायाची आग मस्तकात गेली. तिळगुळाचा डबा उचलून फळीवर ठेवून दिला. काही गोड बोलायचं नाही आज.

खरं सांगायचं तर ती खोटं बोलली नाही. म्हणूनच जास्त लागलं.

१६ जानेवारी

टीव्ही गेला!

चित्र मिटत मिटत मधोमध एक पांढरी रेघ राहिली. आवाज चालू, चित्र नाही. दोन चापट्या मारल्या, वरून आणि उजव्या अंगाने, नेहमीच्या जागी. काही नाही. नविन खाटेवर बसून बघत होता. तोंडाने नाही हसला, पण डोळ्यांनी हसला. मला दिसलं ते.

मी म्हटलं, दुरुस्तीवाल्या बाळ्याकडे न्यायचा, आत्ता. उचल. त्याने उचलला, दारापर्यंत गेला आणि तिथेच कमरेला हात लावून बसला. मग हिरूला हाक मारली. दोघांनी मिळून रिक्षात ठेवला. दोघांनी! घामाघूम झाले आणि अंतर किती, तर घर ते रस्ता. मी मागून चालत होते, राहवलं नाही. म्हटलं, माझ्या बाबाने एकट्याने सव्वा तास आणला, उन्हाचा, चढावर. तुम्हाला अंगण झेपत नाही!

हिरू हसला. नविन नाही हसला. रिक्षात बसताना एवढंच म्हणाला, "तुझ्या बाबासारखा कोणीच नाही पुष्पा. आम्हाला माहीत आहे."

खोचक होतं ते. पण खरंही आहे.

१९ जानेवारी

बाळ्याने टीव्ही चालू केला! कुठला तरी आयसी गेला होता. भंगारात आलेल्या सेटमधून काढून लावला. म्हणाला, "ताई, ट्यूब अजून एक नंबर आहे. असली ट्यूब आता बघायला मिळत नाय." मग दुकानाकडे हात करून म्हणाला, "पण परत आणू नका. माझ्याकडे आता माल नाय."

त्याच्या दुकानात पूर्वी टीव्हीच टीव्ही असायचे, पाठी उघड्या. आता नुसत्या मोबाईलच्या काचा. फ्लॅट टीव्ही दुरुस्त करतोस का विचारलं. म्हणाला, "पॅनल गेलं की टाकायचा. त्यात दुरुस्ती काय करणार?" पंचवीस वर्षांचा टीव्ही एका आयसीने उठून बसतो, आणि यांचा दोन वर्षांचा टाकायचा! आणि खुळी कोण? मी!

टीव्ही परत स्टुलावर ठेवला, त्यावर बाबा. आता हात लावून दाखवा.

२० जानेवारी

सायवनहून भावाचा, मुकेशचा फोन. आईला चक्कर येते, डाव्या हाताला मुंग्या, भांडं हातातून सुटतं. डहाणूच्या दवाखान्यात दाखवायला पाहिजे. तुझ्याकडे आठवडाभर ठेव.

ठेव म्हणे. ठेवते. माझीच आई आहे. पण पंचवीस वर्षांत ती या घरात चारदा आली आहे. चारही वेळा ओटीवर बसली, टीव्हीकडे पाठ करून. मालिका लावू का विचारलं तर "माना नाय बघायचा." मला नाही बघायचं, बस. बाबा यायचा तेव्हा काचेसमोर मांडी घालून बसायचा, जाहिरातीसुद्धा बघायचा. जाताना टीव्हीवरून हात फिरवायचा. आईला मात्र बाबाच्या देण्याचं कधी कौतुक नाही. मशीन नाही दिलं म्हणून किती वर्षं धरून बसायचं माणसाने?

२२ जानेवारी

आई आली. वाळून गेली आहे. मान वळत नाही, कोणी बाजूने हाक मारली की सगळं अंग वळवते. पाहून कसंसंच झालं. इतकं झालं असेल असं मुकेशने सांगितलं नव्हतं, की मीच विचारलं नव्हतं?

आत आली, टीव्ही बघितला आणि म्हणाली, "हा आजून आहे?"

बस. तेवढंच. बाबाचा फोटो वर आहे, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग ओटीवर जाऊन बसली.

माझी सगळी माया तिथल्या तिथे आटली.

२४ जानेवारी

दवाखाना. मानेचा एक्स-रे काढला. डॉक्टर तरुण आहे, नीट बोलतो. म्हणाला, मानेचे दोन मणके दबलेत, आणि हे आजचं नाही, फार जुनं आहे. आईला विचारलं, "कधी पडलात का? डोक्यावर काही जड असताना?" आई म्हणाली, "नाय." मी मधेच म्हटलं, डॉक्टर, आमच्याकडच्या बायका जन्मभर लाकडाचे भारे आणि हंडेच वाहतात, कुठला म्हणून सांगायचा? तो मान हलवत लिहीत राहिला. गळ्याला पट्टा दिला. ओझं उचलायचं नाही म्हणाला. बासष्ट वर्षांच्या बाईला आता सांगतात!

पट्टा लावल्यावर आई एकदम ताठ दिसायला लागली. दक्षा म्हणाली, "आजी, पोलीस दिसतेस." आई हसली. किती दिवसांनी बघितलं तिला हसताना.

२५ जानेवारी

नविन आज बोलला. म्हणाला, "राहू दे तुझा टीव्ही. नको ती ऑफर." जिंकले!

पण जिंकल्यासारखं वाटत नाही. तो असं म्हणाला जसं आजारी माणसाला म्हणतात, बरं बाई, तू म्हणशील तसं.

२६ जानेवारी

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही. तरी लिहिते.

झेंडावंदन उरकून अंगणवाडीतून घरी आले तर अंगणात नविनची मोटरसायकल, मागे दक्षा, आणि दक्षाच्या मांडीवर खोका. फ्लॅट! ऑफर नको म्हणाला, टीव्ही नको असं म्हणाला नव्हता. दक्षाच्या पहिल्या पगाराचा आहे म्हणे. तुझा तुझ्याकडे राहील आई, हा आमचा आत खोलीत लावू. पोर एवढी खूश होती की मला धड ओरडताही येईना. राग गिळून उभी राहिले. मोटरसायकलवरून टीव्ही! पोरीने मांडीवर धरून आणलेला! याला काय टीव्ही म्हणायचं!

दक्षाने खोका ओटीवर टेकवला. आई तिथेच बसलेली. तिने विचारलं, "हा काय?" दक्षा म्हणाली, "टीव्ही, आजी." आईला पटेना. उठली, खोक्याच्या खाली हात घातला. मी ओरडले, आई, ओझं उचलायचं नाही! पण तिने उचललाच. थोडासाच, वीतभर. परत खाली ठेवला. परत उचलला. म्हणाली, "येवढाच?"

आणि रडायला लागली. हमसून हमसून, गळ्यात पट्टा, मान ताठ, आणि पाणी सरळ खाली. दक्षा घाबरली. नविन आत पळाला पाणी आणायला.

आणि मी काय केलं? मला वाटलं, हिला नवा टीव्ही पाहून भरून आलं! बाबाच्या टीव्हीकडे पंचवीस वर्षं पाठ, आणि या पुठ्ठ्याच्या खोक्याला बघून रडते! माझं तोंड सुटलं. काय काय बोलले! "तुला बाबाची कधी किंमतच नव्हती. त्याने डोक्यावरून आणला, तू हळदीत नाचलीसुद्धा नाहीस. माझ्या लग्नात माझं तोंड काळं केलंस. तो मेला तरी तुझा राग मेला नाही!"

दक्षा "आई, बस!" म्हणत होती. मी थांबले नाही.

आई रडायची थांबली. पदराने तोंड पुसलं. माझ्याकडे अंग वळवून बघितलं. मग म्हणाली, "दक्षाला चा दे. दमली ती."

२७ जानेवारी

खोका तसाच ओटीवर. फोडला नाही.

२८ जानेवारी

आई उद्या जाते म्हणते. मुकेशला फोन करू नको, एसटीने जाईन, तो तिठ्यावर येईल. राहा म्हणायला पाहिजे होतं. नाही म्हटलं. असली कसली मी?

२९ जानेवारी

आईला सायवनच्या गाडीत बसवून आले. सुटायला वेळ होता. खिडकीखाली उभी राहून म्हटलं, त्या दिवशी जास्त बोलले मी. ती समोरच बघत म्हणाली —

"टीव्ही मी आणला. उशीर झाला म्हणून मी खाली बघायला गेली, तर तुझा बापूस तिठ्यावर पिऊन पडलेला. मांडवात माणसा बसलेली. नाल्यात माझा पाय सरकला, मानेत कट् झाला. खोका नाय सोडला. पाड्याच्या विहिरीपाशी तो मागून आला, मंग त्याच्या डोक्यावर ठेवला. पोरीचा बापूस मांडवात रिकाम्या हाताने कसा शिरेल?"

मी खिडकीचा गज धरला. ती म्हणाली, "दक्षाला तसा काय उचलायला नाय लागणार. बेस वाटला माना. म्हणून रडली."

कंडक्टरने बेल मारली.

पंचवीस वर्षं मी तिच्यावर रागावून होते. आणि तिने मला रागावू दिलं.